मधले वीस फूट

पेनकिलरच्या बाबतीत आपल्याकडे एकच नियम सगळ्यांना पाठ असतो: रिकाम्या पोटी घ्यायची नाही. पाठ धरली, डोकं ठणकलं, दाढ दुखायला लागली की ऑफिसात कुणाच्या तरी ड्रॉवरमधून स्ट्रिप बाहेर येते आणि देणारा न चुकता विचारतो, "काही खाल्लंयस ना?" दोन बिस्किटं खाल्ली की आपण सुरक्षित! जरा जास्त दिवस घ्यायची असेल तर डॉक्टर (किंवा केमिस्ट, किंवा आपले आपणच) सोबत एक अ‍ॅसिडिटीची गोळी जोडतात. झालं. पोटाची सोय लागली, आता बिनधास्त.

हा नियम चुकीचा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग कळायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ ८५ वर्षं लागली. गेले तीन वीकेंड मी याच विषयावर वाचत बसलोय. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण ही गोष्ट वाचताना मला सारखं वाटत होतं, की हे तर आपल्याकडे रोज घडतं! सिस्टिमचा जो भाग मॉनिटर होत नाही, तिथे कधीच बग सापडत नाही, आणि मग सगळे म्हणतात, "तिकडे काही प्रॉब्लेम नाही." तर मंडळी, आजची गोष्ट त्या मॉनिटर न झालेल्या भागाची.

सुरुवात नेहमीप्रमाणे एका झाडापासून. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरातल्या चिपिंग नॉर्टन गावी एडवर्ड स्टोन नावाचे एक पाद्री होते. त्यांनी सहज म्हणून विलोच्या सालीचा तुकडा चघळला आणि ती त्यांना विलक्षण कडू लागली. विलो म्हणजे आपल्याकडे नदीकाठी वाळुंज असतो ना, त्याच्या कुळातलं झाड. तापावर तेव्हा सिंकोनाची साल देत, तीही अशीच कडू, पण महाग. स्टोनसाहेबांनी विलोची साल वाळवली, कुटली आणि थंडीतापाच्या पन्नासेक रुग्णांना दिली. गुण आला. १७६३ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीला तसं पत्र लिहिलं. सिंकोना आणि विलो यांच्यातली द्रव्यं पूर्णपणे वेगळी आहेत, हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. कडू चवीवरून बांधलेला अंदाज होता, लागू पडला. (प्रॉडक्शनमध्ये असे बरेच अंदाज लागू पडतात, तो वेगळा विषय.)

१८२८ मध्ये म्युनिकला बुखनरने त्या सालीतून सॅलिसिन वेगळं काढलं. दहा वर्षांनी पिरियाने त्यापासून सॅलिसिलिक आम्ल मिळवलं. मग कोल्बेने ते झाडाशिवाय, प्रयोगशाळेत बनवायची पद्धत काढली आणि १८७४ पासून ड्रेस्डेनजवळ त्याचा कारखानाच निघाला. १८७६ मध्ये डंडीच्या थॉमस मॅक्लागन या डॉक्टरने आमवातावर सॅलिसिन दिल्याचे परिणाम 'लॅन्सेट'मध्ये छापले. सांधे सुजून खाटेला खिळलेली माणसं काही दिवसांत बरी वाटू लागली. त्या काळाच्या मानाने हा चमत्कारच!

पण या औषधांचे डोस रोज काही ग्रॅमच्या घरात. कानात शिट्या वाजायच्या, मळमळायचं, पोटात आग पडायची. दुखणं परवडलं पण औषध नको, अशी गत.

इथे अ‍ॅस्पिरिनचा प्रवेश होतो. १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन या तरुण केमिस्टने अ‍ॅसिटिल-सॅलिसिलिक आम्ल शुद्ध रूपात बनवलं आणि १८९९ मध्ये 'अ‍ॅस्पिरिन' हे नाव रजिस्टर झालं. हॉफमनच्या वडिलांना संधिवात होता, सॅलिसिलेट त्यांच्या पोटाला सोसत नव्हतं, म्हणून मुलाने हा सौम्य प्रकार शोधला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, पण ती पहिल्यांदा छापली गेली १९३४ मध्ये, नाझी जर्मनीत. बायरमधलाच दुसरा केमिस्ट आर्थर आयशेनग्रून ज्यू होता. पुढे नाझींनी त्याला टेरेझिनच्या छळछावणीत टाकलं. तो तिथून जिवंत सुटला आणि १९४९ मध्ये त्याने लिहिलं, की ते काम माझ्या सांगण्यावरून झालं होतं. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी वॉल्टर स्नीडर या संशोधकाने कागदपत्रं तपासून आयशेनग्रूनची बाजू उचलून धरली. बायरने ते मान्य केलं नाही. असो. कोड कुणी लिहिला आणि कमिट कुणाच्या नावावर पडला, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

आपल्या कामाचा मुद्दा वेगळाच आहे. अ‍ॅस्पिरिनच्या जन्मकथेत पोट पहिल्यापासून आहे. जगातलं सगळ्यात प्रसिद्ध वेदनाशामक 'पोटाला कमी त्रास' या अपेक्षेने आलं, आणि पुढची चाळीस वर्षं ते पोटाच्या आत नेमकं काय करतं हे कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

पाहणार कसं? आत बघायची सोयच नव्हती. रुडॉल्फ शिंडलर या जर्मन डॉक्टरने गेऑर्ग वोल्फ या उपकरण बनवणाऱ्याबरोबर १९३२ मध्ये अर्धवट वाकणारी गॅस्ट्रोस्कोप, म्हणजे जठरात बघायची दुर्बीण, तयार केली, तेव्हा कुठे दार उघडलं. १९३८ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या डाउथवेट आणि लिंटॉट या दोघांनी अशीच दुर्बीण वापरून, अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या रुग्णांची जठरं पाहिली. अस्तर लाल झालेलं, काहींच्यात रक्ताळलेलं. गोळी जिथे पडली होती, तिथेच!

लोकांचा विश्वास बसायला आणखी बराच वेळ गेला. पण दिशा ठरली. पेनकिलर म्हणजे जठराचा प्रश्न. १९५७ मध्ये अमेरिकेत मिशिगनला बेसिल हर्शोविट्झने काचतंतूंची, नीट वाकणारी दुर्बीण बनवली आणि आधी स्वतःच गिळून बघितली. (युनिट टेस्ट असावी तर अशी!) १९६९ पासून खालच्या बाजूने मोठं आतडं तपासायची दुर्बीणही आली. आता आपल्या अन्नमार्गाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. वरून घातलेली दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाते. खालून घातलेली, मोठं आतडं पार करून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला जेमतेम टेकते. मधे उरतं ते जवळजवळ सगळं लहान आतडं. साधारण सहा मीटर, म्हणजे वीस फूट. वेटोळी घालून बसलेलं, सतत हलणारं आणि काळोखातलं. अन्नाचं खरं पचन आणि शोषण तिथेच होतं. लॉग मात्र फक्त दोन टोकांना.

दरम्यान गोळ्यांचा पूर आला होता. १९४९ मध्ये फिनाइलब्युटाझोन, साठच्या दशकात इंडोमेथासिन, १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये आयबुप्रोफेन, सत्तरच्या दशकात डायक्लोफेनॅक. हे शेवटचं आपल्याकडे घराघरात आहे, नाव वाचायचा कंटाळा म्हणून लोक त्याला स्ट्रिपच्या रंगावरून ओळखतात. आयबुप्रोफेनचे जनक स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स यांनी एका परिषदेतल्या भाषणाआधी, आदल्या रात्रीच्या पार्टीने चढलेल्या डोकेदुखीवर ते स्वतःच घेऊन बघितलं होतं. आपली बिरादरी!

ही सगळी औषधं काम कशी करतात, ते कळलं १९७१ मध्ये. लंडनच्या जॉन व्हेन यांनी दाखवलं, की अ‍ॅस्पिरिन आणि तिची भावंडं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनू देत नाहीत. दुखापत झाली की प्रोस्टाग्लँडिनमुळे सूज येते, ठणका लागतो. ती बंद केली की ठणका कमी. या कामासाठी १९८२ चं नोबेल दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर त्यांना मिळालं.

गोम अशी, की हीच प्रोस्टाग्लँडिनं पोटाच्या अस्तराची राखणही करतात. अस्तरावरचा बुळबुळीत थर, तिथला रक्तपुरवठा, झीज भरून काढणं, सगळ्यात त्यांचा हात. म्हणजे एकच फंक्शन दोन मॉड्यूल वापरत होती. गुडघ्यासाठी म्हणून आपण ते बंद केलं आणि पोटाचं मॉड्यूल गपचूप कोसळलं. त्यामुळे पोटाचा त्रास हा औषधाचा वेगळा, टाळता येण्यासारखा दोष नव्हताच. दुखणं थांबवणारी जी क्रिया, तीच अस्तर उघडं पाडणारी.

मग उपाय सुरू झाले. गोळीला असं आवरण द्यायचं की ती जठरात विरघळणारच नाही, पुढे आतड्यात गेल्यावर विरघळेल. किंवा ती हळूहळू, दिवसभर झिरपेल असं करायचं. या विचाराचं सगळ्यात देखणं रूप म्हणजे ऑस्मोसिन. मर्क कंपनीने १९८२ च्या अखेरीस ते ब्रिटनमध्ये आणलं. आत इंडोमेथासिन आणि पोटॅशियमचा एक क्षार, बाहेर अर्धपार्य आवरण आणि त्या आवरणाला लेझरने पाडलेलं एक बारीक छिद्र. पाणी आवरणातून आत शिरतं, आतला दाब वाढतो आणि औषध त्या छिद्रातून एकसारख्या वेगाने बाहेर पडत राहतं. बॅटरी नाही, मोटर नाही, गिळता येईल एवढा पंप! इंजिनिअर माणसाने हे वाचून खूश व्हायलाच हवं. मी झालो.

काही महिन्यांतच ब्रिटनमधल्या डॉक्टरांकडून बातम्या यायला लागल्या, की ऑस्मोसिन घेणाऱ्या रुग्णांच्या आतड्याला भोक पडतंय. जठराला नाही, त्याच्या खाली. १९८३ मध्ये ते बाजारातून मागे घेतलं गेलं. कारण काय असावं? गोळी आतड्याच्या एखाद्या वळणात अडकली, तर त्या बारीक छिद्रातून निघणारी तीव्र औषधाची धार तासन् तास भिंतीच्या एकाच ठिपक्यावर पडणार. आणि पोटॅशियमच्या गोळ्यांनी लहान आतड्याला व्रण होतात, हे तर साठच्या दशकातच माहीत झालं होतं. जठर वाचवण्यासाठी प्रश्न एक मजला खाली ढकलला होता, आणि खालच्या मजल्यावर दिवे नव्हते.

त्या मजल्यावर टॉर्च घेऊन जाणाऱ्यांत सगळ्यात महत्त्वाचं नाव इंग्वार ब्यार्नासन. मूळचे आइसलँडचे, काम लंडनमध्ये. दुर्बीण पोचत नाही ना, मग त्यांनी वेगळी युक्ती वापरली. निरोगी आतड्यातून सहसा रक्तात शिरत नाही असा, किरणोत्सर्गी क्रोमियमची खूण लावलेला एक रेणू पाण्यातून प्यायला द्यायचा आणि चोवीस तासांत लघवीतून किती बाहेर पडतो ते मोजायचं. जास्त आला तर मधे कुठेतरी भिंत गळतेय. १९८४ मध्ये त्यांनी संधिवाताच्या रुग्णांवर ही चाचणी केल्याचं छापून आलं. वेदनाशामकं घेणाऱ्यांची आतडी गळत होती, न घेणाऱ्यांची नव्हती. म्हणजे दोष संधिवाताचा नाही, गोळीचा.

मग पुढची पायरी. रुग्णाच्या पांढऱ्या पेशी काढायच्या, त्यांना इंडियमची खूण लावून परत सोडायच्या आणि त्या कुठे जमतात ते बघायचं. पांढऱ्या पेशी जमतात तिथे सूज. दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्या अनेकांच्यात त्या लहान आतड्यात जमल्या. १९८७ च्या लेखात याच गटाने दाखवलं, की या सुजेतून रक्त आणि प्रथिनंही झिरपतात. धो धो नाही. थोडी थोडी, रोज.

या 'थोडी थोडी'चा हिशेब करून बघा. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. समजा रोज ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा रक्त झिरपलं, तर अडीच मिलिग्रॅम लोह गेलं. आणि रोजच्या जेवणातून शरीर शोषतं जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम. खातं रोज थोडं ओव्हरड्रॉ होतंय. पोट दुखत नाही, शौचाला रक्त दिसत नाही. दोन-तीन वर्षांत माणूस पांढराफटक पडतो, जिना चढताना दम लागतो आणि घरचे म्हणतात, "वय झालं."

१९८८ मध्ये याच गटाने लंडनजवळच्या हॅरोमधल्या रुग्णांविषयी एक लेख लिहिला आणि त्यात एका विकाराला नाव दिलं: डायफ्रॅम डिसीज. वारंवार व्रण होऊन भरताना लहान आतड्याच्या आत कातडीसारखे पातळ पडदे तयार होतात आणि त्यांच्या मधोमध एक छिद्र उरतं. कॅमेऱ्याच्या लेन्समधला डायफ्रॅम असतो ना, अगदी तसं. असे पडदे एकापाठोपाठ एक. काहींची छिद्रं टाचणीच्या डोक्याएवढी. जेवलं की पोटात कळा, फुगणं, उलट्या. बेरियमच्या एक्सरेत हे पडदे आतड्याच्या नेहमीच्या घड्यांसारखे दिसतात. पोट उघडून सर्जनने आतडं हातात घेतलं तरी बाहेरून ते साजरं गोजरं! आपल्याकडे तर लहान आतडं अरुंद झालं म्हटलं की पहिला संशय क्षयाचा, आणि तो घ्यायलाच हवा, कारण आतड्याचा क्षय भारतात खरोखरच आढळतो. फक्त त्याच यादीत 'गुडघ्यासाठी काय घेता?' हा प्रश्नही हवा.

तरी शंका उरत होती. हे आकडे दवाखान्यात आलेल्यांचे, बाकीच्यांचं काय? ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये उत्तर दिलं आणि ते जरा अंगावर येणारं आहे. त्यांनी ७१३ शवविच्छेदनांत आतडी नीट तपासली. त्यातल्या २४९ जणांनी मृत्यूआधी ही औषधं घेतली होती. त्यांच्यापैकी ८.४ टक्क्यांच्या लहान आतड्यात व्रण होते. न घेणाऱ्या ४६४ जणांत ०.६ टक्के. आणि दीर्घकाळ घेणाऱ्यांपैकी तिघांचा मृत्यूच लहान आतड्याचा व्रण फुटून झाला होता.

आता माझ्या आत्याबद्दल सांगतो, कारण मी हे सगळं वाचायला घेतलं ते तिच्यामुळे. आत्या साताऱ्याला असते. वय पासष्टच्या पुढे, गुडघे गेलेले. दोन वर्षांपूर्वी तिचं हिमोग्लोबिन सातवर आलं. लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट-खजूर झालं, एकदा रक्त चढवलं. वरून दुर्बीण घातली, स्वच्छ. खालून घातली, स्वच्छ. कुणी म्हणालं मूळव्याध असेल, कुणी म्हणालं खाण्याची आबाळ. (आत्याच्या घरात खाण्याची आबाळ! ती पाहुण्याला तिसरी पोळी न विचारता वाढते.) प्रत्येक नव्या डॉक्टरने विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?" आणि आत्याने प्रत्येकाला प्रामाणिकपणे सांगितलं, "काही नाही हो, बीपीची एक."

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी प्रश्न बदलला. "आजी, गुडघ्यांना काय करता?" आत्याने पर्समधून स्ट्रिप काढली. "हे का? हे औषध नाही, हे नुसतं दुखण्याचं." डायक्लोफेनॅक. रोज एक, लग्नकार्य असेल तेव्हा दोन. अकरा वर्षं. सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी न चुकता, जेवणानंतरच. आमच्या घरातला सगळ्यात शिस्तीचा पेशंट!

तिला नंतर एक कॅमेरा गिळायला दिला, आणि त्या मधल्या वीस फुटांत पाच-सहा व्रण दिसले.

या कॅमेऱ्याची गोष्ट आपल्या लोकांनी वाचायलाच हवी. गॅव्रिएल इदान हा इस्रायलमधल्या संरक्षण संशोधन संस्थेचा इंजिनिअर. काम काय, तर क्षेपणास्त्राला लक्ष्य दिसावं म्हणून त्याच्या नाकात बसवायचे कॅमेरे. ऐंशीच्या दशकात बॉस्टनला असताना शेजारी राहणाऱ्या एका पोटाच्या डॉक्टरने त्याला सांगितलं, की लहान आतड्यात आम्हाला काहीच दिसत नाही. इदानच्या डोक्यात किडा शिरला. छोटे, कमी वीज खाणारे कॅमेरा-सेन्सर यायला नव्वदचं दशक उजाडलं. मे २००० मध्ये 'नेचर'मध्ये इदान, लंडनचे डॉक्टर पॉल स्वेन आणि सहकाऱ्यांचा एक छोटासा लेख आला. गिळायची कॅप्सूल, आत कॅमेरा, दिवे, बॅटरी आणि ट्रान्समीटर. २००१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. सेकंदाला दोन फोटो, आठ तास, म्हणजे पन्नास हजारांवर फोटो. वीस फुटांचे लॉग पहिल्यांदा मिळाले!

आणि लॉग आले की जे होतं तेच झालं. २००५ मध्ये ह्यूस्टनच्या डेव्हिड ग्रॅहम यांच्या गटाने वेदनाशामकं तीन महिन्यांहून जास्त काळ घेणाऱ्यांना कॅप्सूल दिली. ७१ टक्क्यांच्या लहान आतड्यात इजा दिसली. न घेणाऱ्यांत १० टक्के. गट लहान होता, आणि इजा म्हणजे बहुतेकांत बारीक ओरखडे, ते आपोआप भरूनही येतात, हे लक्षात ठेवायला हवं. तरी ७१!

त्याच वर्षीचे आणखी दोन प्रयोग मला जास्त बोचले. एकात ४० निरोगी माणसांना दोन आठवडे डायक्लोफेनॅक आणि सोबत ओमेप्राझोल, म्हणजे आपली ती अ‍ॅसिडिटीची गोळी, दिली. ६८ टक्क्यांच्या लहान आतड्यात नवी इजा. दुसऱ्यात नेप्रॉक्सेन आणि ओमेप्राझोल घेणाऱ्या ५५ टक्क्यांच्या आतड्याचं अस्तर फाटलेलं दिसलं, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत ७ टक्के. म्हणजे पित्ताच्या गोळीचं कवच जठरापाशी संपतं.

विचार केला तर यात नवल नाही. जठरात आम्ल असतं, अस्तर उघडं पडलं की ते आम्ल जखम करतं, म्हणून आम्ल कमी केलं की बचाव होतो. लहान आतड्यात मुळात आम्ल नसतंच. तिथले मारेकरी वेगळे. एक म्हणजे पित्त. गोळी रक्तात शोषली जाते, यकृतात जाते, यकृत तिला एक साखरेचा रेणू चिकटवून पित्तातून परत आतड्यात सोडतं. तिथले जिवाणू ती साखर तोडतात, औषध मोकळं होतं आणि पुन्हा शोषलं जातं. एकच गोळी त्याच रस्त्याने पुन्हा पुन्हा फेऱ्या मारते. दुसरे, ते जिवाणू स्वतः. १९७७ मध्येच दिसलं होतं, की पूर्णपणे जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांना इंडोमेथासिन दिलं तर त्यांच्या आतड्याला फारशी इजा होत नाही. आणि २०११ मध्ये कॅनडाच्या जॉन वॉलेस यांच्या गटाने उंदरांवरच दाखवलं, की आम्ल दाबणाऱ्या गोळ्यांनी आतड्यातल्या जिवाणूंची घडी विस्कटते आणि वेदनाशामकाची इजा उलट वाढते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण शिस्तीत रोज दोन्ही गोळ्या घेणारी आत्या आठवली की हा प्रयोग नुसता उंदरांचा वाटत नाही.

कुणी म्हणेल, मग नव्या पिढीची औषधं घ्या, फक्त सुजेवरचं एंझाइम बंद करणारी. ती १९९९ च्या सुमारास आली, मोठ्या थाटात. त्यातलं व्हायॉक्स हृदयविकाराचा धोका दिसल्यावर २००४ मध्ये मागे घेतलं गेलं. बाकीची आहेत. दोन आठवड्यांच्या प्रयोगात त्यांनी आतड्याला कमी त्रास दिला, पण वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत तो फायदा बराच पुसट झालेला दिसला. फुकट जेवण कुठेच नाही.

आता प्रश्न उरतो, करायचं काय? गोळ्या फेकून द्या असं मी म्हणणार नाही. दुखणं खरं असतं. ज्याची पाठ सकाळी पलंगावरून उठू देत नाही, त्याला प्रवचन देण्यात अर्थ नाही. दातासाठी तीन दिवस गोळी घेणं आणि अकरा वर्षं रोज घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि ही सगळी गोष्ट मुख्यतः दुसऱ्याची आहे. अ‍ॅसिडिटीची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, जठरातल्या रक्तस्रावापासून ती खरोखर वाचवते. तसंच हृदयासाठी लहान डोसचं अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर हा लेख वाचून ते सोडायचं नाही, विचारायचं. काळसर डांबरासारखी शौचाला, कारण न सापडणारा अ‍ॅनिमिया, जेवल्यावर येणाऱ्या कळा, यातलं काही असेल तर डॉक्टरांना गोळीचं नाव आणि किती वर्षं घेतोय ते सांगा. आणि आतडं अरुंद झाल्याची शंका असेल तर कॅमेऱ्याची कॅप्सूल देण्याआधी डॉक्टर कधी कधी आधी विरघळणारी एक चाचणी-कॅप्सूल देतात. कारण तो कॅमेरा नेमका त्या पडद्यांपाशीच अडकू शकतो.

आत्याची गोळी बंद झाली. सहा-सात महिन्यांत हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं. आता पॅरासिटामॉल, मलम, फिजिओवाल्याचे व्यायाम. ती खूश आहे का? मुळीच नाही. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाली, "रक्त वाढलं रे, पण गुडघ्याचं काय? आधी निदान देवळाच्या पायऱ्या चढत होते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गुडघा बदलायचं ऑपरेशन ती नको म्हणते, आणि ते तिचं म्हणणं. गेली सव्वाशे वर्षं माणसं हाच सौदा करत आली आहेत, दुखणं कमी करायचं आणि किंमत दुसरीकडे कुठेतरी चुकती करायची. सौदा करायला हरकत नाही. पण बिलावर काय काय लावलंय ते आधी दिसलं पाहिजे.

तेव्हा या रविवारी घरी फोन कराल तेव्हा आई-बाबांना, काकूंना, मावशीला "कुठली औषधं घेता?" असं विचारू नका. त्याचं उत्तर बीपी आणि शुगरवर संपतं. "दुखायला लागलं की काय घेता, आणि कधीपासून?" असं विचारा. आणि जे नाव सांगतील ते प्रिस्क्रिप्शनच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगा.